बायपासनंतर छातीचं इन्फेक्शन: धोका कशानं वाढतो, आणि आपल्या हातात किती?

भडंगप्रेमी (सांगली):
आमच्या मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बायपास ठरलंय. मिरजेत, साधारण महिन्याभरानं. वय ६७. तासगावकडं द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे, घरात बसवत नाही त्यांना. अँजिओग्राफीत तीन नळ्यांत ब्लॉकेज निघाले. साखर बरीच वर्षं आहे, एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, ९.१ आलं. विडी सोडली असं आम्हाला सांगतात, पण बागेत कोण बघायला जातंय?

सर्जननी तीन कामं लावून दिलीत: साखर खाली आणा, विडी-तंबाखू पूर्ण बंद, आणि दात दाखवून या. यावरून घरात रोज वाद. आत्या म्हणतात, ऑपरेशन काळजाचं, त्यात दातांचं काय? मामा म्हणतात, ऑपरेशन डॉक्टर करणार, पथ्य मी का पाळू?

मला भीती वेगळीच आहे. भावकीत एकांचं बायपास झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, चालत घरी आले, आणि मग छातीच्या टाक्यांतून लस यायला लागली. परत ॲडमिट, परत थिएटर. तेव्हा कुणी म्हणालं वांगं खाल्लं म्हणून टाके पिकले, कुणी म्हणालं दवाखानाच घाण. हे कुणाला जास्त होतं आणि का, ते नीट सांगणारं कुणी आहे का इथं? घरगुती उपाय नकोत, ते सांगणारे घरात भरपूर आहेत.

वारणाकाठ:
ताई, टेन्शन घेऊ नका. आमच्या चुलत्यांचं झालंय, लई भारी आहेत आता, उसाला पाणी पाजतात. नको म्हणालात तरी एक सांगतोच, टाके काढले की रोज सांगलीची हळद खोबरेलात कालवून लावा. आमच्यात सगळे तेच करतात.

छातीठोक:
दादा, हळदीवर नंतर येतो. मी हृदयाच्या ऑपरेशनला भूल देतो, पेशंट टेबलावर यायच्या आधीपासून आयसीयूत ट्यूब निघेपर्यंत आमच्या ताब्यात असतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे.

ताई, ‘छातीत इन्फेक्शन झालं’ असं सांगत येणाऱ्यांत दोन वेगळे आजार असतात. एक फुप्फुसाचा, न्यूमोनिया. तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच, दवाखान्यात असताना दिसतो. दुसरा जखमेचा. तो कातडीपुरता राहिला तर ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकवर भागतं. पण छातीच्या मधल्या हाडात आणि त्याच्या मागं शिरला तर जिवावर बेततं, त्याला मेडियास्टिनायटिस म्हणतात. हा खोलवरचा प्रकार शंभरात साधारण एक-दोघांना होतो. तुमच्या भावकीतल्यांना जखमेचा झाला असणार. तो बऱ्याचदा घरी गेल्यावरच उघडा पडतो.

जखमेचं मूळ रक्तपुरवठ्यात आहे. मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या हाडाच्या आतल्या अंगानं डावी-उजवी अशा दोन धमन्या खाली उतरतात, हाडाला रक्त त्याच देतात. यातली डावी धमनी ही बायपासला मिळणारी सगळ्यात टिकाऊ नळी, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये सोडवून हृदयाला जोडतात. म्हणजे ज्या हाडाला जुळायचंय त्याच्याच एका बाजूचं रक्त आपण काढून घेतो. धडधाकट माणसाचं हाड हे निभावून नेतं. साखर चढलेली, विडीनं बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या आणि वर अंगात चरबी असेल तर जखमेच्या कडांना रक्त पुरत नाही. जिथं रक्त नाही तिथं पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही नाही. दोन्ही धमन्या काढल्या तर धोका आणखी चढतो. म्हणून साखर बेताल असलेल्या लठ्ठ किंवा दमेकरी पेशंटमध्ये बरेच सर्जन उजवीला हात लावत नाहीत.

साखरेबद्दल अमेरिकेतल्या पोर्टलंडचा अभ्यास आम्ही सगळे सांगतो. १९८७ ते १९९७ या काळात ऑपरेशन झालेले २४६७ मधुमेही पेशंट. आधीच्यांना लागेल तसं कातडीखाली इन्सुलिन दिलं होतं, नंतरच्यांना शिरेतून सतत. हाडापर्यंतचं इन्फेक्शन २ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. आयसीयूत सिस्टर तासातासाला बोट टोचतात आणि साखर १८० च्या आत ठेवायला धडपडतात ती त्यासाठीच.

मामांचं ९.१ महिन्याभरात ७ होणार नाही, तो आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी असतो. तरी रोजची साखर ताळ्यावर आली तर फायदा होतोच. गोळ्या बदलून इन्सुलिन सुरू करायला सांगितलं तर ‘आता कायमचं लागलं’ म्हणून घाबरू नका, ऑपरेशनपुरतंही असू शकतं. आणि त्यांच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती कधी थांबवायची ते आत्ताच विचारून ठेवा. ही गोळी ऑपरेशनच्या तीनेक दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर ठीक दिसत असताना रक्तात आम्ल साचू शकतं.

एक मात्र आहे. मुख्य नळीलाच ब्लॉक असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल तर साखर उतरायची वाट बघत नाहीत.

सडेतोड_सातारा:
डॉक्टरसाहेब, सगळं पेशंटच्या गळ्यात मारलंत. त्याची साखर, त्याची विडी, त्याचं पोट. ते जंतू काय तासगावच्या बागेतून येतात? माझ्या मेव्हण्याला ज्या दवाखान्यात इन्फेक्शन झालं तिथं एकाच खोलीत चौघं झोपवले होते.

कट्टा_संपादक:
वरच्या प्रतिसादातलं दवाखान्याचं नाव काढलं आहे. अनुभव लिहा, नाव नको.

आयसीयूवाली:
सडेतोड दादांचं अर्धं बरोबर आहे. मी हृदयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स. आमच्या बाजूनं जे चुकू शकतं ते मीच सांगते.

अँटिबायोटिकचा पहिला डोस काप घेण्याच्या आधीच्या तासाभरात शिरेत गेलाच पाहिजे. वॉर्डातून निघताना दिला आणि थिएटरमध्ये तीन तास वाट बघत बसले तर त्याचा जोर ओसरलेला असतो. छातीवरचे केस ब्लेडनं काढायचे नाहीत, मशिननं बारीक करायचे. ब्लेडनं डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतू तिथंच बसतात. घरून दाढीवाल्याकडं जाऊन छाती गुळगुळीत करून येणारे पेशंट मी बघितलेत, कृपा करून तसं आणू नका.

ऑपरेशन लांबलं, रक्तस्राव झाला म्हणून रात्री परत छाती उघडावी लागली, रक्ताच्या पिशव्या जास्त लागल्या, व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही, यातल्या प्रत्येकानं धोका वाढतो. पेशंटच्या पथ्याचा त्याच्याशी संबंध नसतो. इमर्जन्सीत आलेल्यांना तर तयारीला वेळच मिळत नाही.

आणि जंतू कुठून येतात हे विचारलंत म्हणून. जखमेत सापडणारा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकोकस. चारातल्या एका माणसाच्या नाकात तो आधीच मुक्कामाला असतो, त्याला काही त्रास न देता. मामांच्या नाकात असेल, तुमच्या असेल, माझ्याही. काही ठिकाणी ऑपरेशनआधी नाकात म्युपिरोसिनचं मलम लावतात आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं आंघोळ घालतात. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, २०१० साली छापून आलेल्या, नाकात जंतू असलेल्यांना हे दोन्ही दिलं तर त्या जंतूचं इन्फेक्शन ३.४ टक्के लोकांना झालं, न दिलेल्यांत ७.७. तुमच्याकडं करतात का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही. चांगली टीम अशा प्रश्नाला रागवत नाही.

सडेतोड_सातारा:
ताई, तुम्ही सरळ बोललात, पटलं. मेव्हण्यालाही रात्री परत आत नेलं होतं, ते आम्हाला कुणी या इन्फेक्शनशी जोडून सांगितलंच नाही.

कराडची_लेक:
बायकांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. आईचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं. तिनं जन्मात विडी ओढली नाही, म्हणून फॉर्मवर ‘धूम्रपान नाही’ लिहिलं. पण आयुष्य चुलीपुढं गेलं आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. फुंकायच्या तपासणीत फुप्फुसं चांगलीच आवळलेली निघाली, ऑपरेशन पुढं ढकलून आधी पंपाचं औषध सुरू केलं. तुमच्या आत्या, आई, मावशी कुणीही असो, डॉक्टर तंबाखूचं विचारतील तेव्हा मिश्री आणि चूल आपणहून सांगा. त्यांच्या फॉर्मवर तो रकाना नसतो.

दुसरं, छाती जड असलेल्या बायकांत जखमेच्या खालच्या टोकाला सतत ताण येतो आणि घाम साचतो. आईला सिस्टरांनी पुढून उघडणारी, आधार देणारी बॉडी लगेच घालायला लावली होती. माझ्या भावानं हे विचारलंच नसतं.

श्वासाचा_मास्तर:
मी फिजिओथेरपिस्ट, फुप्फुसाची बाजू माझी. कराडच्या ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

छाती कापलेला माणूस दुखतं म्हणून वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ तिथंच साठतो, आणि साठलेल्या कफात जंतू वाढतात. विडी ओढणाऱ्यांत कफ मुळातच जास्त आणि तो वर ढकलणारी आतली लव मेलेली. म्हणून त्यांचा न्यूमोनिया जास्त. हेच लोक जोरात खोकतात तेव्हा तारांनी बांधलेलं हाड हलतं. म्हणजे दोन्ही आजारांना वाट होते.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर आत्ताच विकत आणा, ऑपरेशननंतर नाही. गोळ्यांवर ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं असतं. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! निम्मे पेशंट फुंकतात आणि गोळी हलत नाही म्हणून यंत्राला शिव्या घालतात. सावकाश ओढा, गोळी वर दोन-तीन सेकंद धरा, सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा.

ऑपरेशनच्या आधी श्वासाचे स्नायू तयार केले तर काय होतं यावर २००६ सालचा नेदरलँड्समधला अभ्यास आहे, बायपासचे २७९ पेशंट, सगळे फुप्फुसाच्या दृष्टीनं धोक्यातले. निम्म्यांना किमान दोन आठवडे रोज वीसेक मिनिटं अडथळ्याविरुद्ध श्वास ओढायला लावला. त्यांच्यात न्यूमोनिया ६.५ टक्के, बाकीच्यांत १६.१. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं, साध्या गोळ्यांच्या यंत्राला तेवढा अडथळा नसतो. तुमच्या हातात महिना आहे, जवळच्या फिजिओकडं चौकशी करा.

विडीबद्दल गावात एक समज आहे की ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर कफ उसळतो, त्यापेक्षा चालू ठेवलेली बरी. तसं काही नाही. चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर उत्तम, पण आदल्या आठवड्यात सोडली तरी ती सोडलेलीच बरी.

भडंगप्रेमी (सांगली):
सगळ्यांचे आभार. मामांना पोर्टलंड वगैरे काही सांगितलं नाही, फक्त हाडाला रक्त कुठून येतं ते कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, मुळी तोडून कलम जगवायचं म्हणजे जमीन चांगली पाहिजे. द्राक्षवाला माणूस! विडीचं बंडल आत्यांच्या हातात दिलं आहे, किती दिवस टिकतंय बघू.

मामा माळकरी आहेत, अंडीसुद्धा चालत नाहीत. डॉक्टर म्हणाले प्रोटीन वाढवा. काय देऊ?

छातीठोक:
अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, कमी असलेल्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत, म्हणून प्रोटीन. मोडाची मटकी, मूग, डाळी, शेंगदाणे, दही, ताक, पनीर, सोयाबीन, माळकऱ्याला भरपूर आहे. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र किती द्यायचं ते आधी विचारा. किडनी बिघडलेली असणं हाही या इन्फेक्शनचा एक मोठा धोका आहे, आणि जुन्या मधुमेहात ती बऱ्याचदा बिघडलेली असते. वांग्यानं टाके पिकत नाहीत, खुशाल खा. भेटायला येणारे साताऱ्याचे कंदी पेढे आणतात त्यांनी मात्र साखर चढते.

संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं. ‘गावठी औषधाची पुडी’ चालू असेल तर ती पुडी घेऊनच या, काही पुड्यांत स्टेरॉइड निघतं.

आता हळद. स्वयंपाकाची हळद निर्जंतुक नसते. जमिनीतनं निघते, उकडते, उन्हात वाळते, पोत्यांतनं फिरते. तारांनी बांधलेल्या हाडावरच्या ओल्या जखमेत ती भरायची नाही. जखमेचा रंगही तिच्याखाली दिसत नाही, लाली आली तरी कळत नाही.

वारणाकाठ:
चुलत्यांना काय झालं नाही हो, म्हणून सांगितलं.

छातीठोक:
शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना होत नाहीच, दादा. हळद लावा नाहीतर लावू नका.

मार्केटयार्ड:
मी त्या उरलेल्या दोनांतल्या घरातला. वडिलांना झालं होतं. घरी आल्यावर सगळं छान, मग जखमेच्या खालच्या बाजूला थोडं ओलं दिसायला लागलं. आम्हाला वाटलं घाम असेल. पाठोपाठ ताप चढला, आणि कूस बदलताना छातीत कट्-कट् वाजायला लागलं. हाड सुटलं होतं. परत उघडलं, सडलेला भाग काढला, व्हॅक्यूमच्या मशिनचं ड्रेसिंग बरेच दिवस चाललं, शेवटी छातीच्याच स्नायूचा तुकडा फिरवून पोकळी भरली. शिरेतून अँटिबायोटिक तर आठवड्यानुआठवडे. आज यार्डात गाडीवर बसून सौदे बघतात, पण तो काळ शत्रूला नको.

जखम ओली दिसली, लाली पसरली, ताप आला, दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं किंवा हाड वाजलं, तर गावातल्या डॉक्टरकडं अँटिबायोटिकचा कोर्स करून बघत बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच त्याच दिवशी दाखवा. मोबाइलवर जखमेचा रोज एक फोटो काढून ठेवलात तर फरक लगेच कळतो. आणि ऑपरेशन महात्मा फुले योजनेत करत असाल तर परत ॲडमिट व्हायची वेळ आली तर काय बसतं, काय नाही, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

आयसीयूवाली:
मार्केटयार्ड दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. पायाचंही बघत जा. पायातली शीर काढतात तिथली जखम छातीपेक्षा जास्त वेळा चिघळते, फक्त ती जिवावर बेतत नाही म्हणून कुणी बोलत नाही.

आणि भेटायला येणारी माणसं. जीप भरून येतात, पायाला हात लावतात, कुणीतरी ‘बघू किती मोठं कापलंय’ म्हणून सदरा वर करतं. सर्दी-खोकला असलेल्यानं खोलीत जायचं नाही आणि जखमेला कुणीच हात लावायचा नाही. हे सुनेनं सांगितलं तर उर्मट ठरते, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांकडूनच मोठ्यांदेखत वदवून घ्या.

भडंगप्रेमी (सांगली):
हे शेवटचं एकदम पटलं, सिस्टर. आता मामांचे प्रश्न, त्यांनीच लिहून दिलेत: शेडवर कधी जायचं, मोटारसायकल कधी, झोपायचं कसं?

श्वासाचा_मास्तर:
हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीनेक महिने. तोवर मोटारसायकल चालवायची नाही, मागंही बसायचं नाही, आपल्याकडच्या खड्ड्यांत तर नाहीच. सुरुवातीला पाठीवर, डोकं जरा उंच करून झोपणं सोयीचं. उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, आणि तुम्हीही हाताला धरून ओढायचं नाही. कुशीवर वळवून पाठीला आधार द्या. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, पण खोकायचं. चालणं पहिल्यापासून, रोज थोडं वाढवत.

बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाचा धूर असेल तेव्हा आणि बागेत फवारणी असेल तेव्हा तिकडं फिरकायचं नाही. बाकी कट्ट्यावर बसून गड्यांना ओरडायला बंदी नाही, फक्त फार मोठ्यानं नको.

भडंगप्रेमी (सांगली):
दात दाखवून आलो. दोन दाढा किडल्यात, एकीच्या मुळाशी पू आहे, काढायला लागणार. दंतवैद्य विचारतात रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करायच्या का? ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. आत्या म्हणतात चार दिवस बंद ठेवू.

छातीठोक:
स्वतःहून अजिबात बंद करू नका, तीन नळ्यांत ब्लॉक आहेत. दाढ बहुतेक वेळा ॲस्पिरिन चालू ठेवूनच काढतात, दाबून आणि टाका घालून रक्त थांबवता येतं. क्लोपिडोग्रेल बायपासच्या साधारण पाच दिवस आधी तसंही थांबवायचं असतं, पण कुठल्या तारखेला ते सर्जन ठरवतील. दंतवैद्यांना सर्जनशी फोनवर बोलायला सांगा. आत्यांना सांगा, व्हॉल्व्ह बदलायचा असता तर दात आणखी महत्त्वाचे होते, दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या व्हॉल्व्हवर बसतात. बायपासला तेवढा थेट धोका नाही, पण तोंडातला पू तसाच ठेवून माणसाला व्हेंटिलेटरवर घ्यायचं नसतं, ट्यूबच्या बाजूनं तो खाली फुप्फुसात उतरतो. दाढ या आठवड्यातच काढून घ्या, म्हणजे जखम भरायला वेळ मिळेल.